लंडन-पॅरिस: अंतर, वेळ आणि व्हिसाचा घोळ

उन्हाळी सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की लंडन-पॅरिसबद्दल तेच ते प्रश्न येतात. यंदा एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: लंडन ते पॅरिस अंतर किती? विमानाला किती वेळ?

सरळ रेषेत सुमारे ३४४ किलोमीटर. विमानाला साधारण सव्वा तास.

प्रश्न: तिकिटावर जाताना १० ते १२.२० आणि येताना १० ते १०.२० अशा वेळा आहेत. एजंट म्हणतो, येताना मागून वारा असतो.

एजंटला म्हणावं, तिथले वारे बहुतेक वेळा पश्चिमेचे. मदत झालीच तर जाताना होईल. पॅरिस वर्षभर लंडनच्या एक तास पुढे असतं आणि तिकिटावर त्या-त्या गावची वेळ छापतात. दोन्हीकडे प्रवास १ तास २० मिनिटांचाच.

प्रश्न: रेल्वेला सव्वादोन तासांहून जास्त लागतात. मग विमानच बरं ना?

लंडनचा हीथ्रो विमानतळ गाठणं, दोन तास आधीची हजेरी, शार्ल द गोल विमानतळाहून पॅरिसमध्ये शिरणं हे धरलंत का? सगळे मिळून पाच तास सहज जातात. युरोस्टार ही रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून सुटते आणि पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकाला, भर शहरात उतरवते. तासभर आधी पोहोचा म्हणजे झालं. स्वस्त विमान ‘लंडन’हून असलं तर विमानतळाचं नाव वाचा: ल्यूटन विमानतळ लंडन शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे. शिवाय त्या तिकिटात मोठी बॅग बहुधा धरलेली नसते. बेरीज करून मगच स्वस्त म्हणा.

प्रश्न: मुंबई-पॅरिस, तिथून तीन दिवस लंडन, परत पॅरिसहून मुंबई. युरोपचा व्हिसा आहे. चालेल ना?

नाही! ‘युरोपचा व्हिसा लंडनला चालतो’ ही वाक्यं व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि लोक त्यावर लाखांची तिकिटं काढतात. तुमचा ‘युरोपचा व्हिसा’ म्हणजे शेंगेन व्हिसा, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा. ब्रिटन त्या शेंगेन गटात नाही, कधीच नव्हतं. भारतीय पासपोर्टला दोन वेगळे व्हिसा लागतात.

तुमची खरी अडचण पुढेच आहे. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येचा रकाना असतो. तिथे ‘०१’ असेल तर पॅरिस सोडून लंडनला गेलात की तो व्हिसा संपला, वरची तारीख शिल्लक असली तरी. लंडनहून परतताना फ्रेंच अधिकारी पासपोर्ट सेंट पँक्रसलाच, गाडीत बसण्याआधी तपासतात. तुम्ही तिथेच अडकणार आणि मुंबईचं विमान पॅरिसहून सुटणार. ‘बघू तिथे गेल्यावर’ इथे चालत नाही.

उपाय दोन. अर्जातच दोन किंवा अधिक प्रवेश मागा, सोबत पूर्ण कार्यक्रम जोडा. पण देणं न देणं वकिलातीच्या हाती. नाहीतर जाताना पॅरिस, येताना लंडनहून थेट मुंबई असं तिकीट काढा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तरी लोक शेवटच्या महिन्यात जागे होतात. स्टिकर हाती आला असेल तर आजच तो रकाना बघा, आणि तिकिटाला हात लावण्याआधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न: लंडनच्या नातेवाइकांनी दिलेलं साजूक तूप पॅरिसला नेता येईल?

नाही. दुधाचे पदार्थ ब्रिटनमधून युरोपीय संघात नेता येत नाहीत. बाकी खाऊचं काय, ते फ्रेंच सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघूनच बॅग भरा.