गोल ट्यूबची टोकं तांबूस होतात, उजेड पडत नाही: आधी स्टार्टर बदला

आतून उजळणारं तुमचं जुनं जाहिरातीचं घड्याळ चालतंय, त्यातली २२ वॉटची गोल ट्यूब मात्र टोकांपाशी तांबूस होऊन तशीच राहते, मग सगळं काढून एलईडी पट्टी लावावी का, हा तुमचा प्रश्न. एवढ्यात काही काढू नका. ही लक्षणं बहुतेक वेळा स्टार्टरची असतात, आणि त्या जोडणीतला सगळ्यात स्वस्त भाग तोच.

मोटर आणि दिवा समांतर जोडलेले असतात, त्यामुळे काटे फिरतायत म्हणजे प्लगपासून आतपर्यंत वीज येतेय. दिव्याच्या वाटेवर चोक (ट्यूबचा प्रवाह आवरणारी तारेची गुंडाळी), एक फिलामेंट, स्टार्टर, दुसरी फिलामेंट असे ओळीने येतात. दोन्ही टोकं तापतायत त्या अर्थी ही साखळी कुठे तुटलेली नाही. स्टार्टरमधली पट्टी चिकटलीय किंवा त्यातला चिमुकला कपॅसिटर शॉर्ट झालाय. त्यामुळे स्टार्टर मधेच जोडणी तोडत नाही, आणि चोककडून मिळणारा जोराचा झटका ट्यूबला मिळत नाही. या अवस्थेत घड्याळ तासन्‌तास चालू ठेवू नका. फिलामेंटवरचा लेप उडतो, टोकं काळी पडतात आणि चांगली ट्यूब वाया जाते.

१२० व्होल्टच्या (अमेरिकी) घड्याळाला एफएस-२ स्टार्टर लागतो. इथेच गडबड होते. २३० व्होल्टवर सर्रास वापरला जाणारा एस-१० त्यात नीट बसतो, पण १२० व्होल्टवर पेटत नाही आणि मग लोक चोकला दोष देत बसतात.

नव्या स्टार्टरनेही काम झालं नाही तर प्लग काढून ट्यूब मोकळी करा. चार पिना, म्हणजे दोन जोड्या असतात. प्रत्येक जोडीत मल्टिमीटरने काही ओहम दिसले पाहिजेत. एक जोडी तुटलेली दाखवत असेल तर ट्यूब गेली. दोन्ही ठीक असतील तर पिना बारीक पॉलिश पेपरने घासा आणि होल्डरच्या पत्र्या किंचित आत दाबा. चोकमधून डांबर गळलेलं असेल, जळका वास किंवा जोराची घरघर असेल, तर तो बदलायचाच. स्टार्टर कुठेच दिसत नसेल तर चोक ट्रिगर-स्टार्ट, म्हणजे स्टार्टरशिवाय ट्यूब पेटवणाऱ्या जातीचा आहे. त्याला ट्यूबजवळ अर्थ केलेला पत्रा लागतो. अर्थिंग नसेल तर ट्यूब कधी पेटते, कधी नाही.

उघडलंच आहे तर वायरी वाकवून बघा. जुनं रबर तडकतं आणि तांबं पत्र्याला टेकतं. १०५ अंशांपर्यंत टिकणारी, किमान ०.७५ चौरस मिमीची वायर, तीन पिनी प्लग, पत्र्याच्या पेटीला अर्थ आणि फेजवर १ अँपिअरचा फ्यूज, एवढं करून घ्या.

तुमच्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा असेल तर १०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर दिव्यासाठी चालतो. पण तो फ्रीक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर (पुरवठ्याच्या फ्रीक्वेन्सीच्या तालावर फिरणारी) त्यावर दर तासाला १० मिनिटं मागे पडते. ते दुखणं वेगळं, दिव्याच्या दुरुस्तीने जाणार नाही.

काच काढाल तेव्हा आतल्या बाजूच्या रंगाला स्पिरिट किंवा अमोनियावालं क्लीनर अजिबात लावू नका. अक्षरं पापुद्र्यासारखी सुटतात आणि ती परत आणता येत नाहीत. कोरडा मऊ ब्रश पुरे, तोही रंग घट्ट असेल तरच.

एलईडी लावायची वेळ चोक मिळेनासा झाला की. २० सेंमी व्यासाच्या रिंगवर मीटरला ९.६ वॉटच्या १२ व्होल्ट पट्टीचे दोन वेढे म्हणजे साधारण १.२५ मीटर, १२ वॉट. त्यासाठी १.५ अँपिअरचा ड्रायव्हर घ्या, म्हणजे तो तापत राहत नाही. पट्टीचं तोंड तबकडीकडे न ठेवता मागच्या पांढऱ्या पत्र्याकडे ठेवा, नाहीतर काचेवर ठिपके मोजता येतील. ३००० केल्विनपासून सुरुवात करा. ६५०० च्या निळसर उजेडात जुना मलईरंग मेलेला दिसतो. चोक जोडणीतून पूर्ण काढा, पण मूळ भाग डबीत घालून जपा, घड्याळ कधी विकायचं झालं तर गिऱ्हाईक ते मागतं. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, ती फोडू नका, ई-कचऱ्यात द्या.

स्टार्टर बदलल्यावर ट्यूब पेटली पण उजेड सापासारखा वळवळतोय असं दिसलं, तर नव्या ट्यूबला थोडे तास द्या. जुनीच ट्यूब वळवळत असेल तर ती बदला.