अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या ब्लॉक आयलंड बेटावर एका दिवसात लेटरबॉक्सिंग (खुणांवरून लपवलेले डबे शोधायचा खेळ) जमेल का? सोबत काय न्यावं?

जमेल की! कोरी वही, शाईचा पॅड आणि स्वतःचा रबरी शिक्का, बास. खुणांचा कागद वाचत, पावलं मोजत डबा शोधायचा. सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत, आपला त्यातल्या वहीत, आणि डबा होता तसाच झाकून ठेवायचा. (हे खूळ १८५४ मध्ये इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये सुरू झालं.)

पण नुसते डब्यांमागे धावू नका. मोहेगन ब्लफ्सचे कडे आणि साउथईस्ट दीपगृह बघाच. कडा ढासळत जवळ आला म्हणून १९९३ मध्ये ते अख्खं विटांचं दीपगृह आत सरकवलं! वेळ उरला तर उत्तर टोकाचा सेटलर्स रॉक, १६६१ मध्ये आलेल्या वसाहतकारांच्या स्मरणार्थ. झुडपांत गोचिड फार; पायमोजे पँटवर ओढून घ्या.