ट्यूबलाइटखालची रोपे लुकडी का होतात?

प्रश्न : टोमॅटो व मिरचीचे बी ट्रेमध्ये पेरून तो ट्रे खोलीतील भिंतीवरच्या ट्यूबलाइटखाली ठेवला आहे. बी चांगले उगवले, परंतु रोपे सुतासारखी बारीक वाढून कलंडू लागली आहेत. रोपांसाठी मिळणारी खास ट्यूब आणावी का? दिवा रात्रभर चालू ठेवल्यास फायदा होईल का?

उत्तर : नवी ट्यूब आणण्यापूर्वी रोपे आणि ट्यूब यांतील अंतर कमी करावे. ट्यूबलाइट लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, कारण आपले डोळे मंद प्रकाशाशी चटकन जुळवून घेतात. रोपांना अन्न तयार करण्यासाठी मात्र तेवढा प्रकाश अपुरा पडतो आणि त्याच्या शोधात खोड नुसते लांबत जाते. ट्यूब फारशी तापत नसल्यामुळे ती शेंड्यांपासून ५ ते १० सेंटिमीटरवर ठेवता येते, जे साध्या तापणाऱ्या बल्बच्या बाबतीत शक्य नसते. ती साखळीने टांगली, तर रोपांच्या वाढीबरोबर वर सरकवणे सोपे जाते. एकीऐवजी दोन ट्यूब शेजारी शेजारी लावणे अधिक चांगले. ट्यूबच्या टोकांशी प्रकाश मधल्या भागापेक्षा कमी असतो, म्हणून ट्रेची जागा अधूनमधून बदलावी.

खास ट्यूबचा आग्रह रोपांच्या अवस्थेत तरी अनावश्यक वाटतो. साध्या पांढऱ्या ट्यूबच्या प्रकाशात निळा भाग पुरेसा असतो आणि त्यामुळे खोड आखूड व दणकट राहते. ट्यूब जुनी असेल, तर मात्र ती बदलावी. पेटत असली तरी तिचा प्रकाश कालांतराने घटत जातो.

दिवा रात्रंदिवस चालू ठेवू नये. १४ ते १६ तास प्रकाश पुरेसा होतो. अखंड प्रकाशात टोमॅटोची पाने पिवळी पडतात. चालू-बंद करण्याचे काम टायमरवर सोपवावे. खोली फार उबदार असल्यास अपुऱ्या प्रकाशात खोड आणखी वेगाने लांबते, म्हणून उगवण झाल्यावर ऊब थोडी कमी केलेली बरी.

आता लांबलेली टोमॅटोची रोपे बीजदलांपर्यंत, म्हणजे उगवताना प्रथम दिसणाऱ्या पानांच्या जोडीपर्यंत, मातीत पुरून पुन्हा लावावीत, कारण पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. मिरचीच्या खोडाला तशी मुळे सहज फुटत नाहीत. तिचे बी पुन्हा पेरणेच सोयीचे ठरेल.