नवीन वस्ती झपाट्याने वाढते, शाळेसाठी जागेचं आरक्षणही असतं, मग सरकारी शाळा वर्षानुवर्षं का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की पुणे महापालिकेत नव्याने आलेल्या एका गावात तुम्ही फ्लॅट घेतलात. समोरच्या मोकळ्या जागेवर शाळेचं आरक्षण आहे असं बिल्डरने सांगितलं होतं. चार वर्षं झाली, तिथे अजून गवत आहे आणि गावातल्या जुन्या शाळेत मुलं मावत नाहीत. अडतंय कुठे आणि पालकांनी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका गावातल्या शाळेत आठ वर्षं मुख्याध्यापिका होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी 2014 साली रुजू झाले तेव्हा पट 140 होता आणि खोल्या पाच. 2022 मध्ये निवृत्त झाले तेव्हा पट साडेचारशेच्या पुढे गेला होता. खोल्या त्याच पाच, वर एक पत्र्याची शेड. तिसरीच्या दोन तुकड्या एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायच्या, मध्ये एक लोखंडी कपाट. अलीकडे सातचा पाढा चालला असेल तर पलीकडे कविता. कपाटाजवळ बसणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, "नीट ऐकू येतं का गं?" ती म्हणाली, "हो बाई, दोन्हीकडचं येतं." पाऊस लागला की शेडमधल्या वर्गाला नुसतं लेखन द्यावं लागायचं, कारण पत्र्याच्या आवाजात बाईंचं बोलणं दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नसे. प्रवेशाला आलेल्या मुलाला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. लातूर-नांदेडहून आलेले वॉचमन, बिहार-ओडिशाकडचे बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, या सगळ्यांची मुलं जाणार कुठे?

आता तुमचा मूळ प्रश्न. आरक्षण असणं आणि जागा ताब्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकास आराखड्यात, म्हणजे कुठे रस्ता, कुठे शाळा हे ठरवणाऱ्या नकाशात, एखाद्या तुकड्यावर शाळेची खूण पडली तरी सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं किंवा विकासकाचंच राहतं. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे ती जागा महापालिकेला रोख मोबदला देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (उरलेल्या जागेवर जास्तीचं बांधकाम) देऊन, नाहीतर भूसंपादन करून घ्यावी लागते. जमिनीचे भाव चढले की मालक टीडीआरवर राजी होत नाही आणि रोख पैसे द्यायला तिजोरीत रक्कम नसते. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं गेली तरी जागा घेतली नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देतो. त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. म्हणजे सगळे गप्प बसले तर ती जागा शाळेच्या हातातून कायद्यानेच जाऊ शकते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता असू शकतो. महापालिकेत ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं आली आणि जून 2021 मध्ये आणखी 23. या 23 गावांचं नियोजन पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होतं. त्यांनी ऑगस्ट 2021 मध्ये प्रारूप आराखडा जाहीर केला, त्यावर हरकती झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2025 मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. तुमचं गाव या 23 पैकी असेल तर बिल्डरने दाखवलेलं आरक्षण नक्की कोणत्या नकाशातलं होतं, हे आधी शोधा. त्यात मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते. शाळेसाठी अंदाजपत्रकात पैसे धरा म्हणून भांडायला कोणी हवं ना!

जुन्या शाळा वाढवता येत नाहीत, त्याचं दुखणं वेगळंच आहे. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. खेड्यातल्या कितीतरी शाळा गावकऱ्यांनी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. आमची अकरा गुंठे जागा गावातल्या एका आजोबांनी शाळेला दिली होती. शब्दाला किंमत होती, बक्षीसपत्र करावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. पुढे शेजारी बारा मजली इमारत उभी राहिली आणि त्या अकरा गुंठ्यांना सोन्याचा भाव आला. आमचा चार वाढीव खोल्यांचा प्रस्ताव कार्यालयातून परत आला, वर शेरा होता, "मालकी हक्काचा पुरावा जोडावा." सातबाऱ्यावर त्या आजोबांच्या सहा नातवांची नावं होती. मी, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकारी) आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा, आम्ही तिघी सहाही घरांचे उंबरे झिजवले. पाचांनी सह्या दिल्या. सहाव्याची सही मी निवृत्त होईपर्यंत आली नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट आहे मुलांच्या मोजणीची. शेवटची जनगणना 2011 ची. जिथे तेव्हा ज्वारी उभी होती तिथे आज टॉवर आहेत, पण कागदोपत्री ते गाव अजून लहानच आहे. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. जे मूल पटावर आलंच नाही, त्याच्यासाठी शिक्षक नाही आणि खोलीही नाही. शाळेत जागा नाही म्हणून पट वाढत नाही आणि पट वाढत नाही म्हणून खोल्या मिळत नाहीत. खरं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 प्रमाणे हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं नियम सांगतात.

आम्ही शेवटी स्वतःच मोजणी केली. सात रविवार लागले. समितीतल्या आया, दोन शिक्षक आणि सोसायट्यांमधले काही निवृत्त लोक, अशा जोड्या केल्या. सोसायटीत शिरणं सोपं गेलं, लेबर कॅम्पात जास्त वेळ लागला, कारण आम्ही झोपड्या हटवायला आलोय असं लोकांना वाटायचं. तिथे आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. मी विचारलं, कितवीत आहेस? तिने मान खाली घातली. अशी शाळेत न जाणारी 37 मुलं आम्हाला त्या सात रविवारांत सापडली. ती यादी अर्जाला जोडल्यावर त्याच वर्षी दोन वाढीव शिक्षक मिळाले. इमारत मिळाली नाही, पण अधिकाऱ्यांनी खोल्यांची फाइल पुन्हा उघडली. त्याआधी तीन वर्षं नुसत्या विनंतीपत्रांना उत्तरसुद्धा आलं नव्हतं.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा सर्व्हे नंबर काढा, झोन दाखला (त्या जागेवर काय आरक्षण आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढा तुकडा) मागा, सातबारा पाहा. मग माहिती अधिकारात नेमकं विचारा: जागेचा ताबा कोणत्या तारखेला मिळाला, मिळाला नसेल तर संपादनाचा प्रस्ताव कोणत्या विभागात आहे, कलम 127 ची नोटीस आली आहे का, आणि चालू अंदाजपत्रकात या कामासाठी किती तरतूद आहे. "शाळा कधी होणार?" असं विचारलंत तर "कार्यवाही चालू आहे" एवढंच उत्तर येईल. जुन्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत जा. तिथे 75 टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे त्या समितीचं कायदेशीर काम आहे. तुमची मुलं खासगी शाळेत असली तर पालक म्हणून सदस्य होता येणार नाही, पण मोजणीला माणसं लागतातच. नगरसेवकाकडे जाल तेव्हा अंदाजपत्रक मांडलं जाण्याआधी जा, नंतर जाऊन उपयोग नसतो.

मोजणी 30 सप्टेंबरच्या आधी पुरी करा. आमच्या वहीत सहा रकाने होते: मुलाचं नाव, वय, पालकांचं काम, इथे कधीपासून राहतात, कोणत्या शाळेत जातो, आणि शाळा घरापासून किती लांब व तिथे कशाने जातो. अधिकारी पानं भराभर उलटत होते, ते सहाव्या रकान्यापाशी थांबले. एका सहा वर्षांच्या मुलापुढे लिहिलं होतं, "चार किलोमीटर, हायवे ओलांडून, मोठ्या बहिणीबरोबर, चालत." त्यांनी विचारलं, बहीण कितवीत आहे? मी सांगितलं, चौथीत.