मसुदा कुठे आहे?

प्रिय मुली,

2021 च्या वसंतात भारताने कोविडच्या लसींची निर्यात थोपवली, आफ्रिकेतले देश मात्रांची वाट बघत बसले, आणि तिकडे जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, आपण दक्षिण आफ्रिकेच्या मांडीला मांडी लावून 'पेटंट शिथिल करा' म्हणत होतो. 'मग विकसनशील देशांची एकजूट हे ढोंगच ना?' असं तू निबंधात विचारतेस. ढोंग होतंच. पण ढोंग सापडलं की अभ्यास संपला, ही घाई मला पटत नाही.

माझी उमेदीची वर्षं औषध-पेटंटांचे मसुदे वाचण्यात गेली. तेव्हापासून एकच सांगतोय: मैत्री बघू नका, मसुदा बघा.

आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या 1955 च्या बांडुंग परिषदेचे फोटो सगळ्यांना ठाऊक. 2001 कुणाला आठवत नाही! त्या फेब्रुवारीत सिप्ला या आपल्या औषध कंपनीने एड्सवरची तीन औषधं मिळून वर्षाला 350 डॉलरला देऊ केली. तोवर हाच खर्च दहा हजारांच्या घरात होता. आपल्या 1970 च्या कायद्यात पेटंट औषध बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे, औषधावर नाही, म्हणून हे जमलं. जूनमध्ये आफ्रिकी गटाने जागतिक व्यापार संघटनेत औषध-पेटंटांचा विषय लावून धरला, भारत-ब्राझील सोबत उभे राहिले, आणि नोव्हेंबरात पेटंटच्या नियमांआड लोकांचं आरोग्य अडू नये असं सांगणारा दोहाचा जाहीरनामा निघाला. यात आपला धंदा नव्हता का? होता की! आपल्याला बाजार हवा होता, त्यांना गोळ्या. दोघांची गरज एका कलमात बसली, म्हणून ते टिकलं.

आणि जिथे मसुदा ढिला, तिथे काय होतं तेही बघ. ज्यांच्याकडे कारखानेच नाहीत, त्यांना पेटंट असलेल्या औषधाची स्वस्त नक्कल दुसऱ्या देशातून मागवता यावी म्हणून 2003 मध्ये तोडगा निघाला. दर देशाची, दर मालाची वेगळी नोंद, गोळीचा रंगसुद्धा वेगळा. रवांडाने औषध हवं असल्याचं जुलै 2007 मध्ये कळवलं; कॅनडाहून पहिला माल निघाला सप्टेंबर 2008 मध्ये. हे चालणार नाही, असं मी तेव्हाच बजावलं होतं. वरिष्ठ म्हणाले, 'आधी सही होऊ दे, तपशील नंतर.' मला हेकट म्हणायचे. असेन. पण त्या वाटेने पुढे फारसं कुणी गेलं नाही, हेही खरं ना?

रागावू नकोस. तुझी चीड मला आवडली, नुसत्या चिडीवर निबंध लिहिलास ते नाही आवडलं. ऑक्टोबर 2020 चा भारत-दक्षिण आफ्रिकेचा प्रस्ताव आणि त्यावरचा संघटनेचा जून 2022 चा निर्णय शेजारी ठेव. मागितलं होतं लसी, औषधं, चाचण्या सगळ्यांसाठी. पदरात पडल्या फक्त लसी. ओळीओळीने काय गळलं आणि ते कुणाला नको होतं, एवढं लिहून पाठव. दोन पानांच्या वर नको.

तुझा,
काका