आधी सॅलरी स्लिप वाचायला शीक, न्यूजलेटर नंतर

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, वारज्याला राहते. जनसंवादात एमए केलं आणि गेलं वर्षभर बाणेरच्या एका एजन्सीत सोशल मीडियासाठी लिहिते आहे. आपत्तीत मदतकार्य करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेची जाहिरात पाहिली. पद 'ऑफिसर, इंटर्नल कम्युनिकेशन', विभाग एचआर, ठिकाण पुणे, महिन्यातले आठ-दहा दिवस प्रवास, करार ११ महिन्यांचा. या पदावर नेमकं काय करतात हे ओळखीत कुणालाच सांगता येत नाही. बाबा म्हणतात, आधी एमबीए-एचआर कर. आई विचारते, ११ महिन्यांनंतर काय? मी काय करू? — श्र., वारजे

प्रिय श्र.,

आई-बाबांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण आधी काम समजून घे, कारण नावावरून ते कळत नाही. 'कम्युनिकेशन' म्हटलं की पोस्टर, न्यूजलेटर, वाढदिवसाच्या शुभेच्छा डोळ्यांपुढे येतात. तो या कामाचा अगदी लहान तुकडा. कुणाचा करार कधी संपतो, रजा किती शिल्लक आहे, पगार कधी जमा होणार, विमा कुठल्या दवाखान्यात चालतो, तक्रार कुणाकडे करायची, आज रात्री गाडी बाहेर काढायची की नाही, ही सगळी माहिती ऑफिसपासून सर्वांत लांब असलेल्या माणसापर्यंत त्याला कळेल अशा भाषेत, बरोबर आणि वेळेत पोचवायची, हे खरं काम. आणि त्याच्याकडून आलेला प्रश्न तितक्याच नीट परत वर न्यायचा.

हिंजवडीच्या कंपनीत हे सोपं असतं. सगळ्यांकडे लॅपटॉप, सगळ्यांना ईमेल. मदतसंस्थेत तसं नसतं. पुण्याच्या ऑफिसात वीस जण असतील, तर नंदुरबार-धुळ्याकडे नर्स, पोषण कार्यकर्त्या, ड्रायव्हर, गोदामाचा वॉचमन, मानधनावरचे स्वयंसेवक, शिवाय दोन-चार सल्लागार आणि मुख्यालयाच्या करारावर बाहेरून आलेला एखादा अधिकारी. प्रत्येकाचा करार वेगळा, रजेचे नियम वेगळे. एकच परिपत्रक सगळ्यांना धाडलं की निम्म्या लोकांना ते लागूच नसतं, आणि कुणाला लागू आहे हे त्यात लिहिलेलं नसतं. या क्षेत्रातली सर्वांत नेहमीची चूक हीच. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एक तक्ता करायचा. आडव्या ओळींत कर्मचाऱ्यांचे गट. उभ्या रकान्यांत कराराचा प्रकार, भाषा, फोन कसला आहे, रेंज कुठे मिळते आणि त्या माणसाला बातमी प्रत्यक्षात कुणाकडून कळते. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा. ड्रायव्हर ईमेल उघडत नाही, पण गाडीच्या चाव्या जिथे टांगतात तिथे रोज सकाळी उभा राहतो. त्याची सूचना तिथे लागली पाहिजे. अक्कलकुव्याच्या पाड्यावर काम करणाऱ्या बाईंना आठ पानांच्या पीडीएफचा उपयोग नाही. तिथल्याच सहकाऱ्याच्या आवाजातली, त्यांच्या बोलीतली मिनिटभराची व्हॉइस नोट त्या दोनदा ऐकतील आणि शेजारणीलाही ऐकवतील.

आता एक उदाहरण जवळून बघ. समज, एका प्रकल्पाचा निधी संपतोय आणि १४ जणांचे करार ३१ मार्चला संपणार आहेत. साधारणपणे असं परिपत्रक निघतं : 'निधीच्या उपलब्धतेतील बदलांच्या अनुषंगाने संस्थेमध्ये पुनर्रचना प्रस्तावित असून संबंधितांना यथावकाश अवगत करण्यात येईल.' हे वाचून १४ नव्हे, सगळेच्या सगळे घाबरतात, आणि ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळू शकते ते चांगले लोक आधी निघून जातात. तेच असं लिहिता येतं :

'पोषण प्रकल्प ३१ मार्चला संपतो आहे. निधी देणाऱ्या संस्थेने मुदत वाढवलेली नाही. त्यामुळे १४ सहकाऱ्यांचे करार त्या दिवशी संपतील. या सर्वांशी त्यांचे व्यवस्थापक काल आणि आज प्रत्यक्ष बोलले आहेत. तुमच्याशी कुणी बोललं नसेल, तर या निर्णयाने तुमच्या करारात बदल होत नाही. मार्चचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे १० एप्रिलपर्यंत खात्यात येतील. अनुभवाचं पत्र ३१ मार्चलाच हातात मिळेल. प्रश्नांसाठी बुधवारी दुपारी ४ वाजता फोनवर बैठक आहे.'

यातलं धोक्याचं वाक्य ओळखलंस? 'तुमच्याशी कुणी बोललं नसेल, तर...' चौदापैकी एक नर्स रात्रपाळी करून झोपली असेल, तिचा फोन लागला नसेल, आणि तिने हा संदेश आधी वाचला, तर आपण तिला चक्क खोटं सांगितलं. म्हणून 'पाठवा'चं बटण दाबण्याआधी यादीवर १४ पैकी १४ खुणा झाल्या पाहिजेत, तेराला चालत नाही. १० एप्रिल ही तारीखही अकाउंट्सकडून लेखी घ्यायची. फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा अखेरचा हिशेब, लांबलं, तर शिव्या त्या तारखेला पडतात, आणि पुढच्या वेळी तू खरं लिहिलंस तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

क्रमही ठरलेला असतो. आधी वरिष्ठ. मग थेट व्यवस्थापक, त्यांच्या हातात एक पानाची प्रश्नोत्तरं देऊन, कारण लोक एचआरला नव्हे, आपल्या साहेबांनाच विचारतात आणि साहेबांना उत्तर ठाऊक नसलं की ते अंदाज सांगतात. मग ज्यांच्यावर परिणाम होतो ते, मग बाकी सगळे, आणि सर्वांत शेवटी बाहेरचे लोक. पहिल्या आणि चौथ्या पायरीत शक्यतो दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, बातमी फुटतेच. आणि शुक्रवारी संध्याकाळी वाईट बातमी कधीच पाठवू नये. शनिवार-रविवार उत्तर द्यायला कुणी नसतं आणि व्हॉट्सअॅपवर त्याची पुरती गोष्ट तयार होते.

आणीबाणीतलं काम याहून कडक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. अशा वेळी पथक निघतं आणि एचआरकडे एकाच दिवशी शंभर प्रश्न येतात : रात्रीचा प्रवास करायचा का, राहायची सोय कुठे, लस घेतली आहे का, सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली रजा मिळणार का. यासाठी संदेशाचा साचा पूर येण्याआधी तयार हवा. सगळ्यात वर तारीख आणि वेळ, मग खात्रीने माहीत आहे तेवढंच, मग काय करायचं, आणि शेवटी पुढचा संदेश किती वाजता येईल. ती वेळ पाळायचीच, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी 'सहा वाजता नवीन माहिती नाही, पुढचा संदेश नऊला' एवढं पाठवायचं. कुणी जखमी झालं, बेपत्ता झालं, तर घरच्यांशी बोलणं झाल्याशिवाय नाव कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये. ही भीती कल्पनेतली नाही. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर बॉम्बहल्ला झाला, त्यात २२ जण गेले. म्हणून तो दिवस जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी रंगीत बॅनर पाठवण्यापेक्षा प्रत्येकाच्या फाइलमधला आपत्कालीन संपर्काचा नंबर चालू आहे का, हे तपासून घेणं मला अधिक योग्य वाटतं.

दोन विषय मात्र तुला वकिलासारखे पाठ हवेत. पहिला, २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात. दहा किंवा अधिक लोक काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने. चौकशी ९० दिवसांत. स्वयंसेवकही या कायद्यात 'कर्मचारी' धरले जातात, आणि संस्थेची जीप हेसुद्धा कामाचं ठिकाण आहे, हे फील्डवर फारसं कुणाला माहीत नसतं. समितीची नावं भिंतीवर लावलेली असतात, पण त्यातली एक बाई वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेलेली असते. तो फलक दर तीन महिन्यांनी तपासणं तुझ्याकडे येईल. तक्रारीचा मजकूर किंवा कुणाची ओळख बाहेर जाऊ देणं कायद्यानेच मना आहे. म्हणून 'एक प्रकरण घडलं आहे, सर्वांनी काळजी घ्यावी' असले संदेश लिहायचे नाहीत, लहान ऑफिसात ते कुणाबद्दल आहे हे पाच मिनिटांत कळतं.

दुसरा विषय पीएसईए, म्हणजे मदत घेणाऱ्या लोकांचं आपल्याच माणसांकडून होणारं लैंगिक शोषण रोखणं. याची सहा मूलतत्त्वं २००२ मध्ये ठरली. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध सरळ मना आहेत, स्थानिक कायदा काहीही म्हणो. मदतीच्या, पैशाच्या किंवा नोकरीच्या बदल्यात संबंधांना बंदी आहे, आणि संशय आला तरी कळवणं कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे. पॉश आणि पीएसईए यांची लोक नेहमी गल्लत करतात. पॉश सोबत काम करणाऱ्या बाईचं रक्षण करतो, पीएसईए रेशन घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या बाईचं. दोन्ही एका फलकावर घातले की तक्रार चुकीच्या दारात जाते. फलक दोन करायचे, रंग वेगळे.

कर्मचाऱ्यांसाठीच्या समुपदेशनाच्या हेल्पलाइनबद्दलही एक सांगते. पोस्टरवर नंबर मोठा छापतात, तरी कुणी फोन करत नाही, कारण लोकांच्या मनातला पहिला प्रश्न असतो, 'माझ्या साहेबांना कळेल का?' त्याचं उत्तर नंबरच्याही वर छापायला हवं. आणि छापण्याआधी ते खरं आहे ना, हे विचारून घ्यायला हवं.

पोचलं की नाही हे ईमेल किती जणांनी उघडलं यावरून ठरत नाही. महिन्यातून एकदा वेगवेगळ्या गटांतल्या दहा जणांना भेटून किंवा फोन करून विचारायचं, 'यंदा किती रजा पुढच्या वर्षी नेता येते?' सहा जण चुकले, तर संदेश चुकला. आठ-दहा दिवसांचा जो प्रवास जाहिरातीत आहे, तो यासाठीच.

आता बाबांचा एमबीए. माझं मत, आत्ता नको. तुला लिहिता येतं, एचआर येत नाही. ही उणीव भरायला दोन वर्षं आणि मोठं शैक्षणिक कर्ज लागत नाही. पुण्यातल्या कुठल्याही मध्यम कंपनीच्या एचआरमध्ये वर्ष-दीड वर्ष पगार, रजा, पीएफ, रुजू होणं आणि सोडणं यांचं काम केलंस, तरी बरंच येईल. सॅलरी स्लिपवरची प्रत्येक ओळ तुला समजावून सांगता आली पाहिजे. ज्याला ती कळत नाही, त्याने लिहिलेली रजेची सूचना वाचताक्षणी ओळखू येते. पुढे पदवी हवीच वाटली, तर कर्वे समाजसेवा संस्थेचा किंवा टाटा समाजविज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम या क्षेत्राला जास्त जवळचा. काया आणि डिझास्टररेडी या संकेतस्थळांवर मदतकार्यातल्या कामाचे मोफत अभ्यासक्रम आहेत. कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड, म्हणजे मदतसंस्थांच्या कामाचा मानदंड, त्याच्या नऊ बांधिलक्या वाच, त्यातली आठवी कर्मचारी आणि स्वयंसेवकांबद्दल आहे. पुढे बाहेरच्या देशांत जायचं मनात असेल, तर अलियान्स फ्रांसेजमध्ये फ्रेंच सुरू कर. पश्चिम आफ्रिकेत आणि जिनिव्हात ते उपयोगी पडतं.

अर्ज मात्र आत्ताच कर. सोबत तीन नमुने जोड : एका किचकट रजा धोरणाचं २०० शब्दांत सोपं रूप, त्याचीच मराठी व्हॉइस नोट, आणि पुराच्या पहिल्या दिवसाचा संदेश. अशा मुलाखतीत बहुधा हेच करायला देतात.

आईच्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च त्या निधीच्या २० टक्क्यांतच बसवावा लागतो, आधी ही मर्यादा ५० टक्के होती. ऑफिसातल्या व्यवस्थापनाच्या नोकऱ्यांचा पगार याच खर्चात येतो. त्यामुळे अशी पदं मोजकी, आणि एकाच माणसावर तीन कामं. ११ महिन्यांचा करार हा त्याचाच भाग. नूतनीकरण होतं, पण ते गृहीत धरू नकोस. सहा महिन्यांच्या खर्चाची पुंजी जमेपर्यंत कुठलाही हप्ता डोक्यावर घेऊ नकोस. दुसऱ्या बाजूला, हे कौशल्य रुग्णालयं, कारखाने, शाळांच्या संस्था, जिथे जिथे लॅपटॉप नसलेले लोक काम करतात, तिथे सगळीकडे लागतं. परत यायला वाट आहे.

ऑफर आली तर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी विचार. मी कर्मचारी आहे की सल्लागार? सल्लागाराला टीडीएस कापून फी मिळते, पीएफ आणि पगारी रजा नसते, मग आकडा त्या मानाने मोठा हवा. माझा पगार कुठल्या निधीतून येतो आणि तो कधी संपतो? प्रवासातला विमा आणि दैनिक भत्ता किती? आणि या पदावर आधी कुणी होतं का, असेल तर ते का गेलं? चौथ्याचं उत्तर लेखी मिळणार नाही कदाचित. तेव्हा समोरचा माणूस बोलायला किती वेळ घेतो, याकडे लक्ष दे.