4000 लेख, पण सापडत एकही नाही

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या साइटवर 4000 जुने लेख चढवलेत, मेनूत 22 विभाग आहेत, तरी लोक फोन करूनच विचारतात. काय चुकतंय?

उत्तर: अहो, मोबाइलवर 22 विभाग कोण सरकवत बसणार! पाच-सहा ठेवा, बाकीचं टॅगमध्ये (लेखाला लावायच्या विषयाच्या चिठ्ठ्या) टाका, एका लेखाला चार टॅग चालतात. पण खरी गोम सर्चमध्ये असते. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायची पद्धत) दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सेम पण साध्या सर्चला ते वेगळेच शब्द वाटतात, तेव्हा डेव्हलपरला नॉर्मलायझेशन (म्हणजे ही सगळी रूपं एकाच रूपात आणणं) करायला सांगा. आणि नुसते स्कॅनचे फोटो चढवले असतील तर (बहुतेकजण तेच करतात) त्यातली अक्षरं सर्चला दिसतच नाहीत, आधी ओसीआर (म्हणजे फोटोतल्या अक्षरांचा टाइप केलेला मजकूर बनवणं) करा, मग कुणाच्या तरी नजरेखालून घाला, कारण जुन्या छपाईत ओसीआर ‘घ’चा ‘ध’ करून टाकतं.